उशाशी बसण्याचे काम
(मंदिराच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हॉस्पिसमध्ये सेवा करून काय मिळते, यावर मला बोलायला सांगितले आहे. पुण्य मिळत असेल. त्या खात्याचे पासबुक मात्र आम्हा डॉक्टरांना कधी दाखवत नाहीत. मला जे मिळाले तेवढेच सांगते.

हॉस्पिस म्हणजे एखादी इमारत, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केलेले सेंट ख्रिस्तोफर्स ही इमारत होतीच. इथे अमेरिकेत मात्र ही सेवा बहुधा घरीच मिळते. आयुष्य साधारण ६ महिन्यांचे उरले आहे असे दोन डॉक्टरांनी लिहून दिले, की नर्स, त्या आजाराची औषधे, पलंग, ऑक्सिजन हे सगळे मेडिकेअर पाहते. पेशंट त्याहून जास्त जगला तर मुदत वाढते. आणि मेडिकेअरचा नियमच आहे, की पगारी माणसे पेशंटसाठी जेवढे तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के काम स्वयंसेवकांनी करायचे. म्हणजे आपण तिथे पाहुणे नसतो.

स्वयंसेवकाने औषध द्यायचे नाही, वैद्यकीय सल्लाही द्यायचा नाही. डॉक्टर असलात तरी नाही. ३४ वर्षे इंटर्नल मेडिसिन केलेल्या बाईचे हात पहिले काही आठवडे नुसते शिवशिवत होते!

एका आजींकडे मी दर मंगळवारी दुपारी जात असे. नावगाव सांगत नाही, तोही नियम आहे. त्या चार तासांत त्यांची लेक बँकेत जाई, केस कापून येई; एकदा तर गाडीतच झोप काढून आली. आजींचे इंग्रजी आजारपणात गळून गेले होते. नर्स मोठी मायाळू, पण तिने दुखण्याबद्दल विचारले की आजी नुसती मान हलवत. मराठीत विचारल्यावर म्हणाल्या, "दुखत नाही गं, आग होते. मधूनच चमक जाते." आग आणि चमक हे बहुधा नसेचे दुखणे, त्याला औषध वेगळे लागते. मी त्यांचे शब्द तेवढे नर्सला समजावून सांगितले. तिने डॉक्टरांना कळवले, औषध बदलले आणि त्या आठवड्यात आजी रात्रभर झोपल्या. माझ्या डिग्रीपेक्षा माझी मायबोली कामी आली, याचा आनंद अजून टिकून आहे.

नंतर त्या बोलू लागल्या. जेवण जवळजवळ बंद झाले होते, तरी कटाची आमटी कशी करायची हे त्यांनी मला तीन मंगळवार शिकवले. दवाखान्यात एका पेशंटला १५ मिनिटे. इथे गोडा मसाला केव्हा घालायचा यावरच पाऊण तास गेला. इतके निवांत मी कोणाचेच ऐकले नव्हते, घरच्यांचेसुद्धा. पुढे आम्ही नवरा-बायकोने आपापल्या शेवटच्या इच्छा कागदावर लिहून मुलांना दिल्या. आधी हा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी टीव्ही लावायचे.

आपल्या पिढीचे आईवडील आता ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांच्याशी मराठीत बोलणारी माणसे हवी आहेत, आठवड्याला दोन तास पुरेत. प्रशिक्षण हॉस्पिसवाले देतात. नुकतेच घरात कोणी गेले असेल, तर मात्र वर्षभर थांबा. फॉर्म प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. गुजराती, तेलुगू येत असेल तर तेही त्यात लिहा.