गोल न करणाऱ्या नऊ नंबरला जागा द्यावी का?



मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरी सगळी फौजेत झाली आणि निवृत्तीनंतर मुक्काम सिकंदराबादला आहे. तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच कुठे इंदूर, कुठे बडोदा, कुठे बंगळुरू असे पांगलेले आहात. फुटबॉल म्हटल्यावर काही जण विचारतील, मराठी माणूस आणि फुटबॉल? त्यांना माझं एकच सांगणं आहे. सीझनमध्ये एकदा कोल्हापूरला या. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर असली की पेठाच्या पेठा तिथे लोटतात. माझं लहानपण त्या पायऱ्यांवर गेलं. तिथे एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कानात आहे. एखादा फॉरवर्ड जिवाच्या आकांतानं मैदानभर धावायचा, पण चेंडू काही जाळीत जायचा नाही. मग मागून कोणीतरी ओरडायचं, "नुसतं पळतंय बघ! गोल काय ह्याचा चुलता मारणार?"

आजचा विषय हाच आहे. नव्वद मिनिटं घाम गाळणारा, पण गोल न करणारा आघाडीचा खेळाडू. त्याला टीममध्ये जागा द्यावी का?

यावर दोन पक्ष असतात. एक म्हणतो, पोरगा कष्टाळू आहे, राहू दे. दुसरा म्हणतो, फॉरवर्डचं काम गोल करणं, गोल नसेल तर बाहेर बसवा. मी आयुष्यात दोन्ही पक्षांत राहिलोय आणि दोन्हीकडे चुकलोय. ते पुढे सांगतोच. आधी सगळ्या जगानं बघितलेलं एक उदाहरण घेऊ.

२०१८ चा वर्ल्ड कप, रशिया. फ्रान्सचा नऊ नंबर ऑलिव्हिए जिरू. सहा फुटांहून उंच, दाढीवाला, धावायला फारसा वेगवान नाही. त्या स्पर्धेत तो सातही मॅचमध्ये उतरला. एकूण ५४६ मिनिटं खेळला. गोल किती? शून्य. गोल सोडा, गोलकीपरला अडवावा लागेल असा, रोखून मारलेला एकही फटका त्याच्या नावावर नोंदला गेला नाही. जगात यावर भरपूर हसणं झालं. आणि फ्रान्स वर्ल्ड कप जिंकला.

आता कोणी म्हणेल, जिंकले ते त्याच्याशिवाय, तो काय आपला सोबत होता. ठीक आहे, तपासून बघू. पहिली मॅच ऑस्ट्रेलियाशी. कोच दिदिए देशाँ यांनी जिरूला बाहेर बसवलं आणि एम्बापे, ग्रीझमन, देम्बेले असे तीन चपळ गडी पुढे लावले. कागदावर झकास. मैदानावर मात्र गाडी अडकली. पुढे कोणाच्या अंगावर चेंडू टाकावा, असा माणूसच नव्हता. सत्तराव्या मिनिटाला जिरू आला. थोड्या वेळानं पोग्बानं त्याच्याशी चेंडूची देवाणघेवाण केली, घुसला, आणि चेंडू ऑस्ट्रेलियाच्या बॅकला लागून आत गेला. २-१. पुढची मॅच पेरूशी. जिरूचा फटका बचावपटूला लागून उडाला आणि एम्बापेनं तो रिकाम्या जाळीत ढकलला. १-०. मग अर्जेंटिनाविरुद्धची ती ४-३ ची मॅच. एम्बापेचा दुसरा गोल आठवा. तो पास जिरूचा होता. पहिल्या मॅचनंतर देशाँ यांनी त्याला फायनलपर्यंत एकदाही सुरुवातीच्या अकरांतून काढलं नाही. एम्बापे आणि ग्रीझमन यांनी प्रत्येकी चार गोल केले.

गंमत म्हणजे ही गोष्ट फ्रान्समध्ये दुसऱ्यांदा घडत होती. १९९८ ला ते पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकले, तेव्हाचा त्यांचा नऊ नंबर होता स्तेफान गिव्हार्श. पूर्ण स्पर्धेत गोल शून्य. ब्राझीलविरुद्धच्या फायनलमध्ये त्यानं चांगल्या संध्या घालवल्या. दोन गोल झिदाननं डोक्यानं केले आणि टीम ३-० जिंकली. त्या टीमचा कॅप्टन कोण होता? हेच देशाँ. खेळाडू म्हणून त्यांना एरिक कँटोनानं 'पाणक्या' म्हणून हिणवलं होतं. म्हणजे दुसऱ्यांना पाणी आणून देणारा गडी. देशाँ मधल्या फळीत चेंडू हिसकावून झिदानसारख्यांच्या पायात द्यायचे. अशा माणसाला जिरूचं काम दिसलं, यात मला नवल वाटत नाही.

फौजेतल्या माणसाला तर हे आणखी लवकर कळायला हवं. छोट्या तुकडीचा हल्ला कसा होतो, सोप्या शब्दांत सांगतो. समोर शत्रूचा मोर्चा आहे. आपल्यातले काही जण लाइट मशीनगन घेऊन एका बाजूला बसतात आणि मोर्चावर गोळ्यांचा मारा चालू ठेवतात. शत्रूचं डोकं खाली दबतं. तेवढ्यात बाकीचे जवान दुसऱ्या बाजूनं सरकतात आणि मोर्चा घेतात. याला आम्ही कव्हरिंग फायर म्हणतो. मशीनगनवाल्याच्या गोळीनं एकही शत्रू पडला नाही, असं होऊ शकतं. पण म्हणून तो निकामी होता असं कोणी म्हणत नाही. जिरू दोन-दोन स्टॉपर अंगावर घेऊन उभा राहायचा आणि एम्बापे मोकळ्या जागेतून पळायचा. हेच ते.

पण इथेच थांबलो तर मी तुमची अर्धी फसवणूक करीन. कारण कव्हरिंग फायर हवेतही जाऊ शकतो. आवाज खूप, पट्ट्यावर पट्टे संपतायत, बघणाऱ्याला वाटतं काय लढतोय गडी! आणि गोळ्या मोर्चाच्या दहा हात वरून जातायत. शत्रू आरामात डोकं वर काढून आपल्या जवानांना टिपतोय. मेहनत दोन्हीकडे सारखीच असते. फरक बघायचा असेल तर मशीनगनवाल्याकडे बघून चालत नाही. पुढे सरकणारी तुकडी सरकतेय का, ते बघावं लागतं.

आता माझी गोष्ट.

नव्वदीच्या दशकात मी मेजर होतो आणि पलटणीच्या फुटबॉल टीमची जबाबदारी माझ्याकडे होती. आमचा नऊ नंबर एक नाईक होता, गडहिंग्लजकडचा. ते फुटबॉलवेडं गाव, त्यामुळे पाय तयार होते. हा गडी असा धावायचा की बघणाऱ्याला दम लागावा. मॅच संपली की बनियन पिळून घ्यावी. पण अख्ख्या सीझनमध्ये गोल एक, तोही पेनल्टीवर. मला तो फार आवडायचा. अधिकाऱ्याला घाम गाळणारा जवान आवडतोच. मी त्याला प्रत्येक मॅच खेळवला.

आमचे सुभेदार साहेब टीमला कोचिंग द्यायचे. एकदा संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "साहेब, एक विचारू? त्याला तुम्ही टीमसाठी खेळवता, का तो आवडतो म्हणून?" मी म्हटलं, "अहो, त्याची मेहनत बघा." ते म्हणाले, "मेहनत तर बाकावर बसलेला पोरगाही करतो, साहेब. ती तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

बाकावर एक विशीतला शिपाई बसायचा. फटका जबरदस्त. तो सबंध वर्ष बसूनच होता. सुभेदार साहेबांचं बोलणं माझ्या मनाला लागलं. पुढच्या वर्षी ब्रिगेडची स्पर्धा आली तेव्हा मी गोलांची वही उघडली. नाईकासमोर एक. मी त्याचं नाव कापलं, शिपायाचं घातलं आणि यादी बोर्डावर लावायला दिली. त्याला बोलावून काही सांगितलं नाही. सांगायला हवं, हे सुचलंच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. सांगायचं टाळलं.

पहिल्या मॅचमध्ये त्या पोरानं दोन गोल ठोकले. मी खूश. सेमीफायनलमध्ये समोर तगडी टीम होती. आमचा उजवा विंगर, ज्यानं मागच्या वर्षी सगळ्यात जास्त गोल केले होते, त्या दिवशी एकदाही मोकळा झाला नाही. त्यांचा डावा बॅक त्याच्या अंगाला चिकटून होता. पोरगा मध्ये उभा राहून चेंडूची वाट बघत होता. चेंडू आलाच नाही. आम्ही ०-१ हरलो.

मॅच चालू असताना नाईक साइडलाइनला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. हरल्यावर तो माझ्याकडे आला. राग नव्हता. म्हणाला, "साहेब, मला बसवलं त्याचं काही नाही. आधी सांगितलं असतं तर त्या पोराला दोन गोष्टी सांगितल्या असत्या. मी दर वेळी उजवीकडून मध्ये पळतो ना, ते डाव्या बॅकला माझ्या मागं ओढायला. मग आपला विंगर सुटतो."

मंडळी, मी वर्षभर त्याला धावताना बघितलं होतं. तो कुठे धावतोय आणि का धावतोय, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी त्याला घामासाठी ठेवला. दुसऱ्या वर्षी गोलाच्या आकड्यासाठी काढला. त्याचं खरं काम विंगरच्या गोलांमध्ये लिहिलेलं होतं, आणि तो रकाना मी वाचलाच नाही. सुभेदार साहेबांचा प्रश्न बरोबर होता. मी त्याचं उत्तर चुकीच्या वहीत शोधलं.

तेव्हापासून अशा खेळाडूचा विषय निघाला की मी तीन गोष्टी बघतो. घरी टीव्हीवर मॅच बघताना तुम्हीही बघा.

पहिली. तो धावतो तेव्हा कोण मोकळं होतं? एखादी मॅच चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे आणि त्याच्या जवळच्या बचावपटूंकडे बघा. ते त्याच्यामागे जात असतील तर काम होतंय. ते जागचे हलत नसतील, तर तो स्वतःपुरता व्यायाम करतोय. काही खेळाडूंचं धावणं हे लपणं असतं, हेही मी बघितलंय. गोलसमोर चेंडू मिळाला तर चुकायची भीती असते, म्हणून गडी सतत बाजूला, मागे, जिथे चुकलं तरी कोणी बोलणार नाही अशा ठिकाणी धावत राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

दुसरी. तो नसताना इतरांचं काय होतं? इंग्लंडचा एमिल हेस्की बघा. ६२ आंतरराष्ट्रीय मॅच, ७ गोल. भरपूर टिंगल झाली त्याची. पण २००१ ला म्युनिकमध्ये इंग्लंडनं जर्मनीला ५-१ हरवलं, तेव्हा तीन गोल करणाऱ्या मायकेल ओवेनच्या शेजारी तोच होता. ओवेनचा दुसरा गोल हेस्कीनं डोक्यानं खाली ठेवलेल्या चेंडूवर झाला, आणि पाचवा गोल हेस्कीनं स्वतः केला. अशा जोडीदाराची किंमत शेजाऱ्याच्या खात्यावर दिसते.

तिसरी, आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बाकावर कोण आहे? जागा अकराच असतात. कष्टाळू माणसाला दया म्हणून दिलेली जागा कोणा दुसऱ्या कष्टाळू माणसाकडून काढून घेतलेली असते. त्यामुळे 'बिचारा एवढा धावतो' हे कारण मला आता पटत नाही. धावणं हे खेळाडूचं रेशन आहे, ते सगळ्यांनीच आणायचं.

मग माझं उत्तर काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली असतील आणि बाकावर त्याहून उपयोगी माणूस नसेल, तर गोल शून्य असले तरी त्याला ठेवा, आणि लोक हसले तर हसू द्या. उत्तरं चांगली नसतील, तर त्याचा घाम बघून विरघळू नका.

आणि ही जागा कायमची नसते. देशाँ यांचंच बघा. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये जिरूनं चार गोल केले. त्यातच तिएरी ऑन्रीचा ५१ गोलांचा विक्रम मागे टाकून तो फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. म्हणजे या वेळी वहीत आकडे होते. तरी अर्जेंटिनाविरुद्धच्या फायनलमध्ये टीम ०-२ नं मागे होती, काहीच चालत नव्हतं, तेव्हा देशाँ यांनी हाफटाइमचीही वाट न बघता एकेचाळिसाव्या मिनिटाला जिरूला बाहेर काढलं. फ्रान्सनं नंतर ३-३ अशी बरोबरी केली आणि पेनल्टीवर हरलं. शून्य गोल असताना ज्या कोचनं त्याला ठेवलं, त्याच कोचनं चार गोल असताना त्याला काढलं. दोन्ही वेळा त्यांनी समोरच्या मॅचला काय हवंय ते बघितलं.

एक शेवटचं. काढायचं असेल तर समोर बोलावून सांगा. बोर्डावरच्या यादीतून कळू देऊ नका. हे मैदानात लागू आहे, ऑफिसात आहे, आणि घरातही आहे. माझ्या नाईकाला मी त्या सेमीफायनलनंतर पुन्हा टीममध्ये घेतलं. त्या पोराला विंगरसाठी जागा कशी करायची हे शिकवायचं काम त्याला दिलं, आणि वर्षभरानं दोघं एकत्र खेळले. पण त्या दिवशी त्याच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या आणि आमच्या टीमला हवं असलेलं उत्तर त्याच्या डोक्यात होतं. ते ऐकायला मला फक्त दहा मिनिटं आधी त्याला बोलवायचं होतं.

जय हिंद.