गोळीने तारुण्य टिकते काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली होती, आणि आमच्या थोरल्या वहिनी माजघरात सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकाच बाईची दोन चित्रं होती. एकीत चेहरा सुरकुतलेला, दुसरीत तुकतुकीत. खाली लिहिलं होतं की पाळी गेल्यावर ही संप्रेरकांची गोळी सुरू केली की वय दहा वर्षांनी मागं येतं. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, खरं असतं का हो हे? तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते."

मी तर्कशास्त्राचा अध्यापक, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी कोणतं औषध घ्यावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एखादं विधान खरं की खोटं हे कसं पारखावं, एवढं शिकवणं हा माझा व्यवसायच आहे. म्हणून वहिनींना जे सांगितलं तेच आज जरा सविस्तर तुमच्यापुढे मांडतो.

आधी मूळ गोष्ट पाहू. स्त्रीच्या शरीरात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बीजकोश असतात. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात मिसळत असते. शास्त्रज्ञांनी ते प्रथम १९२९ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. वयाच्या पंचेचाळीस-पन्नासच्या सुमारास बीजकोशांचं काम मंदावतं, इस्ट्रोजेन आटतं आणि पाळी थांबते. आपल्या देशात हे सर्वसाधारणपणे सत्तेचाळिशीच्या आसपास घडतं. पाश्चात्त्य देशांत थोडं उशिरा, एक्कावन्नच्या सुमारास. पाळी जाणं हा रोग नव्हे. परंतु त्यामुळे शरीरात होणारे फरक मात्र काल्पनिक नाहीत.

त्वचेचंच घ्या. त्वचेला घट्टपणा देणारा कोलॅजेन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. घराच्या कुडाला जशा कारव्या, तसा त्वचेला हा पदार्थ. लंडनमध्ये १९८० नंतरच्या दशकात ज्या मोजण्या झाल्या, त्यांत असं आढळलं की पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं आणि पुढे दर वर्षी सुमारे २ टक्के घटत जातं. त्वचा पातळ होते, कोरडी पडते. म्हणजे "पाळी गेली आणि एकाएकी म्हातारी दिसू लागले" असं जे आपल्या आयाबहिणी म्हणतात, त्यात तथ्य आहे.

आता येथूनच एक सोपा, पण फसवा तर्क निघतो. इस्ट्रोजेन आटलं म्हणून सुरकुत्या आल्या. तर इस्ट्रोजेन पोटात घेतलं की सुरकुत्या जातील! पी हळद नि हो गोरी, अशातलाच हा प्रकार. अमेरिकेत १९४२ साली गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी बाजारात आली. पुढे १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक पुस्तक लिहिलं. त्याचा सूर असा, की पाळी जाणं हा एक अभावाचा रोग आहे आणि ही गोळी घेणारी स्त्री कायम स्त्रीच राहील. पुस्तक हातोहात खपलं. लक्षावधी बायकांनी गोळी सुरू केली. ती बनवणाऱ्या कंपनीचा पैसा या लेखकाच्या पाठीशी होता, हे मात्र लोकांना फार उशिरा कळलं. १९७५ साली दुसरी गोष्ट उघड झाली. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कितीतरी वाढतो. तेव्हापासून अशा स्त्रीला इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं संप्रेरकही द्यावं लागतं.

ते असो. चेहऱ्याचं काय? १९९७ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाळी गेलेल्या ३,८७५ स्त्रियांची माहिती तीत तपासली होती. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत कोरडी त्वचा आणि सुरकुत्या कमी आढळल्या. झालं! जाहिरातदारांना आणखी काय हवं?

परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. समजा, एका घरात दोन जावा आहेत. थोरली शहरात राहते, सावलीत वावरते, खाणंपिणं चांगलं, आणि तिला दाखवायला डॉक्टरही जवळ. धाकटी गावाकडे शेतात राबते. थोरली गोळी घेते, धाकटी घेत नाही. पन्नाशीनंतर दोघींना शेजारी उभं केलं तर थोरलीचा चेहरा नितळ दिसणारच. आता हे गोळीचं फळ, की सावलीचं, की सुबत्तेचं? नुसतं पाहून ते सांगता येत नाही. जी बाई गोळी मागायला डॉक्टरकडे जाते ती बहुधा आधीच स्वतःची काळजी घेणारी असते. पाहणी करणारे असे भेद हिशेबात धरण्याचा प्रयत्न करतात. पण सगळेच त्यांच्या हाती लागतात असं नाही.

मग खरी परीक्षा कशी करायची? बायकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची. कोणाला काय मिळालं हे ना बाईला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. अशी एक परीक्षा ४८ आठवडे चालली आणि २००८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीत ४८५ स्त्रिया होत्या. संप्रेरकाचं प्रमाण कमी ठेवलं होतं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत दोन्ही गटांमध्ये लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. नुकतीच पाळी गेलेल्या स्त्रियांची आणखी एक परीक्षा अमेरिकेत चार वर्षे चालली. तिच्या एका भागात त्वचा तपासली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला तिचाही निष्कर्ष तोच : सुरकुत्या आणि त्वचेचा ताठरपणा यांवर गोळीचा किंवा चिकटपट्टीवाटे दिलेल्या संप्रेरकाचा म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही लहान लहान प्रयोगांत संप्रेरकाने त्वचेची जाडी आणि तिच्यातलं कोलॅजेन वाढल्याचं आढळलं आहे. पण उपकरणाने मोजलेली जाडी निराळी आणि शेजारणीच्या नजरेला दिसणारं रूप निराळं. तेव्हा आजचं प्रामाणिक उत्तर असं की त्वचेच्या आत काही फरक पडत असेल. पण चेहरा तरुण दिसतो असं सिद्ध झालेलं नाही. केवळ रूपासाठी ही संप्रेरकं घ्यावीत, असं जाणते डॉक्टर सांगत नाहीत.

मग चेहरा सुरकुततो तो कशाने? वयाचा वाटा आहेच. पण एक प्रयोग तुम्ही आत्ता, बसल्या जागी करू शकता. आपल्या दंडाची आतली बाजू पाहा, आणि मग हाताच्या पंजाची वरची बाजू पाहा. दोन्हींचं वय एकच. दोन्हींत फिरणारं रक्त एक, रक्तातली संप्रेरकंही तीच. तरी दंडाची कातडी मऊ आणि पंजाची रापलेली. फरक आहे तो उन्हाचा. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचं छायाचित्र छापलं होतं. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, आणि खिडकीच्या काचेतून ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत असे. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी वर्षांनी म्हातारी दिसत होती. म्हणून शेतात जाताना डोक्यावरचा पदर किंवा रुमाल कपाळावर आणि गालांवर पुढे ओढून घेणं हे महागड्या मलमापेक्षा गुणकारी आहे. दुसरा शत्रू म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट कातडीला जून करते, आणि ओढणाऱ्या स्त्रीची पाळीही वर्ष-दोन वर्षे आधीच जाते. मलमावरून आठवलं. गोरेपणाच्या नावाखाली दुकानात मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसतो आणि पुढे कातडी पातळ पडून लाल होते. त्यांच्यापासून दूर राहावं.

एवढं सांगून झाल्यावर मला वाटलं, विषय संपला. पण वहिनी उठल्या नाहीत. जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुरकुत्यांचं राहू द्या हो. रात्री अंगातून वाफा निघतात. घामानं लुगडं भिजतं. आठ महिने झाले, धड झोप नाही. हे कुणाला सांगायचं?"

श्रोतेहो, मला तेव्हा कळलं की चेहऱ्याचा प्रश्न हे नुसतं निमित्त होतं. सुरकुत्यांविषयी चारचौघांत विचारता येतं, ह्या गोष्टीविषयी विचारता येत नाही. आणि गंमत अशी की जे औषध सुरकुत्यांसाठी विकलं जातं, त्याचा खरा उपयोग ह्याच दुखण्यावर आहे. अंगातून निघणाऱ्या वाफांवर संप्रेरकांइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. योग्य परीक्षांत या वाफांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटलेली आढळली आहे.

दुसरा उपयोग हाडांचा. म्हातारपणी बायकांच्या पाठीला बाक येतो, उंची घटते. आपण म्हणतो, वयानं वाकली. पुष्कळदा तो पाठीचे मणके ठिसूळ होऊन दबल्याचा परिणाम असतो. दिसणारं वार्धक्य म्हणजे केवळ गाल नव्हेत, पाठही आहेच. आणि येथे पुरावा पक्का आहे. अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रियांच्या मोठ्या परीक्षेत संप्रेरकं घेणाऱ्या गटात खुब्याची आणि मणक्यांची मोडतोड सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाली. सारांश, गोळी गाल सावरील याची खात्री नाही. कणा मात्र सावरू शकते.

परंतु तीच परीक्षा २००२ साली मुदतीआधी थांबवावी लागली, हेही विसरून चालणार नाही. दर वर्षी दर दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त आढळले. रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. ही बातमी आली आणि जगभर बायकांनी भीतीने गोळ्या फेकून दिल्या. पुढे आकडे पुन्हा तपासले तेव्हा ध्यानात आलं की त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं; पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षे लोटली होती. साठीच्या आतल्या, किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या निरोगी स्त्रीला ज्यांचा त्रास आहे तिच्या बाबतीत लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो, असं आज तज्ज्ञ मानतात. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने या औषधांवरच्या कडक इशाऱ्यांपैकी बरेचसे काढण्याचं जाहीर केलं, ते यामुळेच. मात्र जिला स्तनाचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, यकृताचा विकार आहे, किंवा कारण न कळता रक्तस्राव होतो आहे, तिने ही वाट धरू नये. १९६६ चा उत्साह अतिरेकी होता, तशी २००२ ची भीतीही.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रभर गाजला. शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत पुष्कळजणी चाळिशीच्या आतल्या. पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन चालू राहतं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात पन्नाशी गाठते. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकं द्यावीत असा वैद्यकाचा स्पष्ट सल्ला आहे. तिच्या बाबतीत तो रूपाचा शौक नव्हे, हरवलेल्या वस्तूची भरपाई आहे. पण आपण काय गमावलं हेच तिला ठाऊक नसेल, तर ती भरपाई मागणार कशी?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. गावातल्या बायका तुमच्यावर विश्वास ठेवतात. पालकसभेत, महिला मंडळात दोन गोष्टी सांगा. पहिली, कोणी पिशवी काढायला सांगितली तर दोन प्रश्न विचारा : याला दुसरा उपाय आहे का? आणि फक्त पिशवी काढणार, की बीजकोशही? उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. दुसरी, पाळी जाताना झोप उडाली, वाफा निघू लागल्या तर ते "वय झालं" म्हणून सोसत बसू नका. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आणि गोळी असो वा नसो, नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक आणि रोजचं चालणं हे हाडांसाठी चालू ठेवा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

वहिनी पुढे तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, घरातल्या आजारांची चौकशी केली आणि मगच औषध लिहून दिलं. दिवाळीत मी पुन्हा गावी गेलो, तेव्हा विचारलं, "काय वहिनी, दहा वर्षांनी तरुण झालात का?" त्या हसून म्हणाल्या, "भाऊजी, सुरकुत्या होत्या तिथंच आहेत. पण रात्री झोप लागते."

मला वाटतं, औषधाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि एवढी मात्र अवश्य ठेवावी.