पॅच आला, पण बसला का?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर 'रिस्टार्ट करा' अशी सूचना आली की आपण बहुतेक जण 'नंतर' म्हणतो. मीही म्हणायचो. हे 'नंतर' किती महाग पडतं, तेवढंच आज सांगणार आहे.

सुरक्षेचा पॅच म्हणजे सदोष फाइलच्या जागी दुरुस्त फाइल बसवणं. आधी डिजिटल सही तपासली जाते: फाइल खरोखर उत्पादकाकडूनच आली ना, वाटेत कुणी बदलली नाही ना? खरी अडचण त्यानंतरची. वापरात असलेल्या फाइली विंडोज सहसा बदलू देत नाही. म्हणून नव्या फाइली बाजूला तयार ठेवतात आणि रिस्टार्टच्या वेळी, इतर प्रोग्रॅम सुरू होण्याआधी, अदलाबदल होते.

लिनक्सवर फाइल लगेच बदलते, पण चालू प्रोग्रॅम जुनीच प्रत धरून बसतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. दुरुस्त लायब्ररी डिस्कवर आली, तरी वेब सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत मेमरीत जुनीच असायची. गळती चालूच!

आता इथली, ब्रिटनमधली गोष्ट. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका दोषावर पॅच दिला. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरलं, ते नेमकं त्याच दोषातून. एनएचएसच्या १९,००० हून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्या असा अंदाज आहे. औषध दोन महिने आधी आलं होतं. अनेक मशीनना ते दिलंच गेलं नव्हतं.

शेवटी घरचं उदाहरण. पुण्याहून बाबा म्हणाले, "अरे, मी रोज रात्री संगणक बंद करतो की!" पण विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे काही अपडेट अर्धवट राहू शकतात. 'रिस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

तेव्हा रविवारी घरी फोन कराल, तेव्हा तब्येतीची चौकशी झाल्यावर एवढंही विचारा: "रिस्टार्ट कधी केलं होतं?" आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाही संगणक बघा.