जीवाश्म पाहावयास जाताना
(मेढा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेले भाषण)

दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली की ती जीवाश्म वाटते. ती वनस्पती नव्हे. झिरपत्या पाण्याने मागे ठेवलेले ते मँगनीजचे ऑक्साइड होय. मेढ्याभोवतीचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा आहे आणि तप्त रसात हाड वा पान सहसा टिकत नाही.

म्हणून कुटुंबासह खरे जीवाश्म पाहावयाचे तर गुजरातेतील बालासिनोरजवळचे रैयोली गाठावे. तेथील गाळाचे खडक या लाव्हाहून जुने. १९८१ मध्ये तेथे डायनासोरची हाडे उजेडात आली, अंडीही सापडली. २००३ मध्ये त्यांतील एका मांसाहारी प्राण्यास ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. २०१९ मध्ये संग्रहालय उघडले.

रेल्वेने वडोदरा वा अहमदाबाद, पुढे मोटार. उन्हाळा टाळावा, दिवाळीची सुटी बरी. आधी संग्रहालय पाहावे, मग वाटाड्यासह माळावर जावे, म्हणजे खडकातील अंड्याचे वर्तुळ मुलांना ओळखता येते. एक गोष्ट मात्र घरूनच पक्की करून निघावे : एकही खडा खिशात घालावयाचा नाही. हाड आपल्या थरातून सुटले की त्याचा काळ सांगणारा पुरावाच जातो. मुलांचा हट्ट होणारच. त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी.