अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ : साधी कीं आणखी कांहीं ?

साठीच्या आसपासचा एखादा गृहस्थ कमरेच्या डाव्या बाजूस कळ येते म्हणून डॉक्टरांकडे जातो. मुतखडा असावा असा तर्क करून डॉक्टर त्याचें सी. टी. स्कॅन करवितात. मुतखडा सांपडतोच; पण अहवालांत आणखी एक वाक्य असतें : ‘डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत दोन सेंटिमीटरची गाठ आढळते.’ झालें ! गृहस्थ मुतखडा विसरतो. गाठ म्हणजे कर्करोग हें समीकरण लोकांच्या मनांत इतकें रूढ झालें आहे कीं, त्या रात्रीं त्या घरांत कोणास धड झोंप लागत नाहीं.

हा प्रसंग आतां विरळा राहिलेला नाहीं. स्कॅन करण्याचा प्रघात वाढला तशा ह्या गाठीही नजरेस येऊं लागल्या. पन्नाशीच्या सुमारास शंभरांत सुमारें तिघांच्या, आणि उतारवयांत त्याहून बऱ्याच अधिकांच्या ग्रंथींत अशी गाठ निघते. त्यांतील बहुसंख्य गाठी साध्या असतात. त्या पसरत नाहींत आणि कसला स्रावही सोडीत नाहींत. उरलेल्या थोड्या ओळखून काढणें हेंच खरें काम. त्यासाठीं प्रश्न दोन विचारावे लागतात. गाठ मारक आहे काय, हा एक; आणि गाठ कांहीं स्रवते काय, हा दुसरा. लोक पहिलाच विचारतात. वस्तुतः दुसराही तितक्याच तोलाचा आहे, कारण न पसरणारी गाठ निरुपद्रवी असतेच असें नाहीं.

ह्या ग्रंथी दोन. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक, वजनानें चारपांच ग्रॅम. बाहेरची साल निराळी आणि आंतला गर निराळा. सालींतून कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरॉन हे स्राव निघतात. पहिल्याच्या बळावर शरीर आजार आणि श्रम सोसतें. दुसरा रक्तांतील मीठपाण्याचा तोल सांभाळतो. गरांतून अ‍ॅड्रिनलिन निघतें. भीतीच्या क्षणीं छाती धडधडते ती त्याच्यामुळें.

ह्या गरांतल्या गाठीची एक जुनी हकीकत आहे. १८८६ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें फेलिक्स फ्रेंकेल ह्या डॉक्टरानें एका अठरा वर्षांच्या मुलीची केस प्रसिद्ध केली. तिला छातींत धडधड, डोकेदुखी आणि वांत्या ह्यांचे झटके येत, आणि एके दिवशीं ती अचानक दगावली. शवपरीक्षेंत दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथींत गाठी निघाल्या. त्या मारक जातीच्या आहेत असें त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें ठरविण्यांत आलें. आज त्या गाठीस फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. तिच्यांतून अ‍ॅड्रिनलिनच्या जातीचे स्राव एकाएकीं रक्तांत लोटतात आणि रक्तदाब भडकतो. मुलीचा घात झाला तो ह्या स्रावांनीं. २००७ सालीं त्याच घराण्यांतील हयात नातेवाइकांची तपासणी झाली, तेव्हां हा दोष त्या घरांत वंशपरंपरेनें चालत आल्याचें दिसून आलें. निदान पुरें व्हावयास एकशेंएकवीस वर्षें लागलीं ! ह्या जातीची कोणतीही गाठ पुढेंमागें पसरूं शकते, म्हणून तज्ज्ञ हल्लीं तिला निखालस साधी म्हणत नाहींत.

सालींतील साध्या गाठीस अ‍ॅडिनोमा हें नांव आहे. तिची ओळख पटविण्याचें एक फार सुटसुटीत साधन सी. टी. स्कॅननेंच दिलें आहे. ह्या यंत्राचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड. त्याच्या यंत्रानें लंडनमध्यें १९७१ च्या १ ऑक्टोबर रोजीं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें, आणि १९७९ सालीं कॉर्मॅक ह्यांच्या जोडीनें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्याच नांवाच्या मापांत शरीरांतील प्रत्येक ठिकाणच्या घनतेस एक आंकडा मिळतो. पाण्याचा आंकडा शून्य, हवेचा उणे एक हजार. चरबी पाण्याहून हलकी, म्हणून तिचा आंकडाही शून्याच्या खालीं. आतां ग्रंथीच्या सालीस आपले स्राव कोलेस्टेरॉलपासून बनवावे लागतात, आणि हा कच्चा माल ती आपल्या पेशींत सांठवून ठेवते. म्हणून बहुतेक अ‍ॅडिनोमा आंतून स्निग्ध असतात. गाठ सर्वत्र एकसारखी दिसत असून तिचा आंकडा दहा किंवा त्याहून कमी भरला, तर ती मारक नाहीं असें निर्धास्तपणें म्हणतां येतें; अशा गाठीचें पुन्हां चित्र काढण्याचीही गरज पडत नाहीं. मात्र हा आंकडा शिरेंतून औषध न टोंचतां काढलेल्या चित्रावरच घ्यावयाचा असतो. टोंचल्यावर सर्वच आंकडे चढतात.

आंकडा दहाच्या वर गेला म्हणून लगेच घाबरण्याचें कारण नाहीं. कांहीं अ‍ॅडिनोमांत स्निग्धांश कमीच असतो. पण आतां शंकेला जागा होते. फिओक्रोमोसायटोमा जवळजवळ नेहमींच दहाच्या वर असतो. फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाचें इकडे रुजलेलें बीजही तसेंच. ग्रंथीचा स्वतःचा कर्करोग फारच विरळा, दर वर्षीं दहा लाखांत एखाददुसरा. परंतु चार सेंटिमीटरच्या वर वाढलेली, आंतून ओबडधोबड दिसणारी गाठ असली तर डॉक्टर त्याचाच संशय आधीं धरतात. अशा वेळीं सुई घालून तुकडा काढावा असा आग्रह कित्येकदां घरच्यांचाच असतो. रक्ताची किंवा लघवीची मेटॅनेफ्रिन ही तपासणी करून फिओक्रोमोसायटोमा नाहीं अशी खात्री पटेपर्यंत ती सुई घालूं नये. तसल्या गाठीस सुई लागली तर रक्तदाब एकदम भडकून प्राणावर बेततें.

साधी गाठ आणि साधी सूज ह्यांतला भेद तर याहून नाजूक. अमेरिकेंतील मिशिगन येथें डॉ. जेरोम कॉन ह्यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. रक्तदाब चढलेला, रक्तांतील पोटॅशियम उतरलेलें, स्नायूंत त्राण नाहीं. अल्डोस्टेरॉन फाजील होत असावें असें कॉन ह्यांनीं ताडलें. दोन्ही ग्रंथी काढून टाकण्याच्या तयारीनें १९५४ च्या डिसेंबरांत शस्त्रक्रिया सुरू झाली. पोट उघडतांच उजव्या ग्रंथींत एक गाठ दिसली. तेवढीच काढली, दुसरी ग्रंथि वांचली आणि बाईस गुण आला. उलट कित्येक रुग्णांत हाच स्राव दोन्ही ग्रंथी सारख्या फुगल्यामुळें वाढलेला असतो. तेथें शस्त्राचा उपयोग नाहीं, गोळ्याच घ्याव्या लागतात. चित्रावरून हा भेद नेहमीं कळत नाहीं. म्हणून शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वीं बहुधा दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलें रक्त वेगवेगळें काढून तपासतात.

दोन्ही ग्रंथी फुगलेल्या आणि स्राव मात्र आटलेला, असेंही घडतें. लंडनच्या गाय्स इस्पितळांतील टॉमस अ‍ॅडिसन ह्यांनीं १८५५ सालीं वर्णिलेला रोग तो हाच. वजन घटतें, उभें राहिल्यावर घेरी येते, कातडी काळवंडते, खारट खाण्याची वासना होते. हिंदुस्थानांत ह्याच्या मुळाशीं आजही क्षय, किंवा हिस्टोप्लाझ्मा नांवाची बुरशी असूं शकते. येथें कर्करोग समजून दिवस दवडले तर रुग्ण हातचा जातो. कॉर्टिसॉल बाहेरून देणें आणि मूळ रोगावर औषध करणें, हाच उपाय.

अहवालाच्या शेवटीं ‘रुग्णाच्या लक्षणांशीं ताडून पाहावें’ असें एक वाक्य बहुधा छापलेलें असतें. तें कोणी वाचीत नाहीं. पण सर्वांत उपयोगाचें तेंच. आरंभींच्या गृहस्थाच्या बाबतींत तें असें पाळलें जातें, असें समजूं. त्याच्या गाठीचा आंकडा तीन. म्हणजे मारकपणाचा प्रश्न मिटला. मग रात्रीं अकरा वाजतां त्यास डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देतात. निरोगी शरीरांत ह्या गोळीनें कॉर्टिसॉल दबतें. चोरून स्रवणारी गाठ ऐकत नाहीं. सकाळीं आठ वाजतां त्याच्या रक्तांतील कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खालीं भरतें. रक्तदाबाची गोळी तो दहा वर्षें घेत आहे, म्हणून अल्डोस्टेरॉन आणि रेनिन हींही तपासतात. त्यांचें प्रमाण ठीक निघतें. गाठ जागच्या जागीं राहूं देतात. मुतखडा पुढच्या आठवड्यांत आपोआप पडतो.