बिडाचा जोड



कडबाकुट्टीचा पाय मोडला, व्हाइसचा कान उडाला, की घरचं वेल्डिंग मशीन बाहेर निघतं. नेहमीचा रॉड लावला, जोड झकास भरला. जरा वेळाने ‘टण्’ असा आवाज येतो, आणि जोडाला लागूनच नवी चीर! यात हाताचा दोष कमी. या वस्तू बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आणि बीडच तसं.

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं गावोगाव गेली, तेव्हापासून बीड आपल्या गोठ्यात आहे. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के, साध्या सळईत पाव टक्क्याच्या आसपास. राखाडी बिडात हा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. म्हणून बीड दाब सोसतं, पण ताणलं की वाकत नाही, सरळ तुटतं. वेल्डिंगचा धातू थंड होताना आकसतो, शेजारचं बीड ओढलं जातं आणि फाटतं. जोडाच्या कडेला कडक थर होतो तो वेगळाच. त्यावर कानसही घसरते.

आधी खात्री करा. ड्रिल मारल्यावर कीस गुंडाळून आला तर पोलाद, भुगा पडला तर बीड. चिरेच्या टोकांना बारीक भोकं पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. ग्राइंडरने ती व्हीच्या आकारात उघडा. जुन्या बिडात तेल मुरलेलं असतं, ते तापवून जाळा.

रॉड निकेलचा घ्या. महाग आहे, पण इथे काटकसर नको. करंट कमी ठेवा, एका वेळी इंचभरच ओढा आणि गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके द्या. आकसू पाहणारा धातू त्याने पसरतो. मग थांबा. शेजारी हात टेकवता आला की दुसरा इंच, तोही जरा लांब. शेवटी वस्तू कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा. पाणी मुळीच मारू नका.

मला विचाराल तर गॅसवर पितळेचा जोड पुष्कळदा सरस. त्यात बीड वितळतच नाही. मात्र दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जस्ताचा धूर वाईट. आणि चुलीवरच्या भांड्याला हा जोड नको.

कडबाकुट्टीचं पाती बसवलेलं चाक मात्र तडकलं, तर निकेल नको, पितळही नको. ते गरगर फिरतं आणि समोर माणूस उभा असतो. ते भंगारात घाला, नवं आणा.