न्यायालयाच्या दारी मानसशास्त्र
(माध्यमिक शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यातील व्याख्यान)

मानसशास्त्र विषय घेऊन पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, या प्रश्नाला ग्रामीण भागात बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे अध्यापन आणि दुसरे म्हणजे समुपदेशन. न्यायसहायक मानसशास्त्र ही तिसरी वाट अनेक पालकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांनी ती चित्रपटांतून पाहिलेली असते. आरोपीच्या डोळ्यांत पाहताच गुन्हा ओळखणारा तज्ज्ञ प्रत्यक्षात कोठेही आढळत नाही. या शास्त्राचे काम पुष्कळच संथ आहे. माणसाला बोलते करणे, त्याच्या चाचण्या घेणे, जुनी कागदपत्रे वाचणे आणि शेवटी न्यायालयाला उपयोगी पडेल असा संयत अहवाल लिहिणे, असे त्याचे स्वरूप आहे.

या शास्त्राची गरज कोठे पडते, हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल. १८४३ मध्ये लंडन येथे डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधानांच्या सचिवाचा खून केला. आपला छळ होत असल्याच्या भ्रमाने तो पछाडलेला होता. त्या खटल्यातून निघालेली तत्त्वे पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये ती कायम आहेत. आरोपी आज कसा आहे, एवढे पाहून भागत नाही. कृत्य करतेवेळी, मनोविकलतेमुळे, त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर अथवा बेकायदा असल्याचे जाणण्यास तो असमर्थ होता काय, हा प्रश्न असतो. होऊन गेलेल्या क्षणाविषयीचे उत्तर केवळ आजच्या भेटीत मिळणे शक्य नसते. त्यासाठी जुने उपचारांचे कागद, घरच्या माणसांची माहिती, शाळेतील नोंदी, शेजाऱ्यांची निरीक्षणे असे सर्व काही जमवावे लागते. खटल्याला तोंड देण्याइतका आरोपी भानावर आहे काय, हा प्रश्न याहून वेगळा. त्याकरिता जिल्हा शल्यचिकित्सक आरोपीला मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवू शकतात, अशी तरतूद कायद्यातच आहे.

मृत्युदंडाच्या प्रकरणांतही आता या तज्ज्ञांना काम आहे. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा ठरविण्यापूर्वी आरोपीचे मानसिक मूल्यमापन न्यायालयापुढे यावे, असे निर्देश दिले. एखाद्याचा जीव घ्यावा की ठेवावा, या निर्णयाच्या मेजावर जाणारा तो अहवाल कसा असावा, याचा विचार या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने आधीच करावा.

तथापि शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा या शास्त्राशी अधिक जवळचा संबंध येतो तो बालकांच्या प्रकरणांत. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या परंतु अठरा वर्षांखालील मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. असा अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची पात्रता आणि कोणत्या परिस्थितीत अपराध घडला, हे त्यात पाहिले जाते. त्यावरून मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालावा की नाही, हे ठरू शकते. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा बालमानसोपचाराचा पदवीधर नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. केवळ बुद्ध्यंक काढून असे मूल्यमापन होत नाही. मुलगा हुशार आहे म्हणून त्याला परिणामांची जाण होती, हे अनुमान घाईचे ठरेल.

आणि हे सारे ज्या वयावर अवलंबून आहे, ते वय कोठून येते? याच अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिकेचा अथवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या जुन्या सर्वसाधारण नोंदवह्या उघडून पाहाव्यात. पानेच्या पाने १ जून या एकाच तारखेला जन्मलेल्या मुलांनी भरलेली दिसतील. प्रवेशाच्या दिवशी गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली ही तारीख पुढे एखाद्या मुलाला अठराच्या अलीकडे किंवा पलीकडे नेऊन ठेवते. तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञ कितीही निष्णात असला, तरी ही चूक त्याच्या हातून दुरुस्त होत नाही.

साक्षीदाराच्या स्मरणशक्तीचा अभ्यास हा या शास्त्राचा सर्वांत समृद्ध भाग होय. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखविल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. ‘गाड्या एकमेकींवर आदळून चिरडल्या तेव्हा’ असे विचारलेल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांहून अधिक वेग सांगितला. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा सौम्य शब्दांत विचारलेल्यांनी ३१.८ मैल सांगितला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, काच फुटलेली दिसली होती काय, असे विचारण्यात आले. ‘चिरडल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना फुटलेली काच आठवली. ‘धडकल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

महाविद्यालयीन तरुणांची ही स्थिती, तर आठ वर्षांच्या मुलीची काय असेल? अत्याचाराची शंका येताच प्रथम आई विचारते, मग वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, सरपंच आणि कधी कधी सगळी आळी. ‘त्यानेच ना ग?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो, पण पुढे न्यायालयात मुलीचे खरे बोलणेही पढविलेले वाटावे, एवढी हानी तो करतो. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने शंका येताच पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. चौकशी करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मूल आपणहून जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, दिनांक व वेळेसह लिहून ठेवावे आणि पुढचे प्रशिक्षित व्यक्तीवर सोपवावे. अशी प्रशिक्षित व्यक्ती प्रत्येक तालुक्याच्या आवाक्यात असणे, ही आजची निकड आहे.

नार्को चाचणी, असत्यशोधक यंत्र, मेंदू-चाचणी यांविषयी जनमानसात फार कुतूहल आहे. त्यांना लाभलेले वलय मात्र त्यांच्या योग्यतेहून मोठे आहे. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्यात मेंदू-चाचणीचा निष्कर्ष न्यायालयाने विचारात घेतला, तेव्हा जगभर चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा नव्हे; तिच्यामुळे पुढे काही वस्तू अथवा माहिती हाती लागली, तर तीच ग्राह्य धरता येते. या विषयाच्या विद्यार्थ्याने यंत्र शिकण्यापूर्वी हा निकाल वाचलेला बरा.

शिक्षणक्रमाची माहिती थोडक्यात देता येईल. बारावीला कोणतीही शाखा चालते, मात्र पदवीला मानसशास्त्र असणे श्रेयस्कर. त्यानंतर मानसशास्त्रातील किंवा थेट न्यायसहायक मानसशास्त्रातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. २०२० च्या संसदीय कायद्याने स्थापन झालेल्या, गांधीनगर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. त्याचे एक केंद्र गोव्यातही आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. रुग्णाचे निदान करावयाचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील अर्हता व परिषदेकडील नोंदणी अनिवार्य आहे. केवळ एम.ए. होऊन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशी पाटी लावता येत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे.

नोकऱ्यांचे चित्र रंगवून सांगण्यात अर्थ नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत मानसशास्त्राची स्वतंत्र पदे आहेत, परंतु ती थोडी. त्याखेरीज येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, कारागृहे, निरीक्षणगृहे, बाल न्याय मंडळे, कौटुंबिक न्यायालये आणि बंद्यांसाठी काम करणाऱ्या संस्था यांतून काम मिळते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून कच्च्या कैद्यांत काम करीत आला आहे. पहिली काही वर्षे मानधनावर काढावी लागतात. घरची शेती किंवा भावाचा पगार पाठीशी नसेल, तर जोडीला अध्यापन अथवा समुपदेशन ठेवणे शहाणपणाचे.

एका बाबतीत मात्र गावाकडच्या विद्यार्थ्याचे पारडे जड आहे. प्रचलित चाचण्यांपैकी अनेक चाचण्या इंग्रजीत जन्मल्या, आणि त्यांची भाषांतरे पुस्तकी मराठीत झाली. मेळघाटातील कोरकू मुलगा किंवा डहाणूकडील वारली मुलगी त्या प्रश्नांपुढे गप्प बसली, तर त्या मौनाची नोंद मंदबुद्धी म्हणून होण्याचा धोका असतो. ‘देवी अंगात येते’ असे सांगणाऱ्या बाईचे बोलणे आजाराचे लक्षण समजावे की तिच्या वाडीतील रीत, हे त्या वाडीत वाढलेल्या परीक्षकाला लवकर उमगते. कोरकू, वारली, गोंडी किंवा अहिराणी घरात बोलणारी आणि मानसशास्त्रात गती असलेली मुलगी दहावी-बारावीच्या वर्गात बसलेली असेल, तर तिच्या पालकांशी या वाटेविषयी एकदा बोलावे. शासकीय शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागणारा जातीचा व उत्पन्नाचा दाखला ग्रामपंचायतीच्या मदतीने निकाल लागण्यापूर्वीच तयार ठेवावा. प्रवेशाच्या धावपळीत तोच कागद बहुधा अडतो.